राजूरच्या चौकातला फ्लेक्स

मी चौथीपर्यंत शिकलो. पोरगी वकील झाली तेव्हा कोर्टातलं सगळं तिनंच मला सांगितलं, आणि दर वेळी मी तिच्याशी वाद घातला. आधी ती भोकरदनच्या कोर्टात एका म्हाताऱ्या वकिलाच्या हाताखाली होती. मंग जालन्याला, मंग संभाजीनगरच्या खंडपीठात.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. "बाबा, हायकोर्टाच्या जज्जासाठी माझं नाव वर गेलंय. पण ऑर्डर यायचीय. कुणाला बोलू नका."

मी कुणाला बोललो न्हाई. फ्लेक्स लावला.

राजूरच्या चौकात, गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मधी काळ्या कोटातली पोरगी, तिला लागून फेट्यातला मी, आणि वर हात जोडून आमच्या भागातले पुढारी. खाली अक्षरं: 'हायकोर्टाच्या जज्जासाठी नाव गेल्याबद्दल अभिनंदन'. आमच्याकडं बारसं असो की दहावा, पुढाऱ्याच्या फोटोबिगर फ्लेक्स होतच न्हाई.

कुणीतरी त्याचा फोटो तिला धाडला. लगेच फोन.

"बाबा, तो पुढारी माझा कोण लागतो?"

"कोण न्हाई. फ्लेक्सवर असतोच."

"माझी चौकशी चालू आहे. मी कुठल्या पुढाऱ्याच्या जवळची आहे का, हेच तर बघतात. आत्ताच्या आत्ता काढा."

"न्हाई काढणार. खोटं काय लिहिलंय त्यात?"

ती ओरडली न्हाई. "बाबा, इतकी वर्षं मी कुणा पुढाऱ्याच्या गाडीत सुद्धा बसले नाही," म्हणाली, आणि फोन ठेवला.

लायटिंगवाल्याची शिडी मागितली आणि स्वतः चढलो. खाली माणसं जमली.

"काय काका, जज्जपण रद्द झालं का?"

"फ्लेक्स फाटलाय."

"फाटलेला दिसत तर न्हाई."

"मंग चष्मा लाव."

घरी आणून फ्लेक्स अंगणातल्या कडब्याच्या ढिगावर टाकला, तोंड खाली करून. माझं आजबी म्हणणं हाय, त्यात खोटं काही नव्हतं. पण पोरीला फोन लावायचो आणि वाजायच्या आधीच कट करायचो.

मंग एक दिवस साध्या कपड्यातला चौकशीचा साहेब आला. अंगणात खाटेवर बसला. जमीन किती, घरी कोण येतं-जातं, सगळं विचारून राह्यला होता.

"कुठल्या पुढाऱ्याशी घरोबा?"

"बिलकुल न्हाई."

तेवढ्यात वारं सुटलं. त्याच्या पाठीमागं फ्लेक्सचा कोपरा उलटला आणि पुढाऱ्याचे जोडलेले हात दिसायला लागले. मी उठलो आणि जाऊन त्या कोपऱ्यावर बसलो.

"काका, तिकडं कुठं? खाटेवर या की."

"मला हितंच बराबर वाटतं."

त्यानं चहा संपवेपर्यंत मी हाललो न्हाई.

पुढं बरेच दिवस काहीच कळलं न्हाई. मोबाईल वाजला की हातातलं काम टाकून पळायचो. शेवटी ऑर्डर आली. पोरगी मुंबईला शपथ घेऊन आली.

चौकातले म्हणाले, "काका, आता तर लावू!"

"न्हाई म्हणजे न्हाई."

विळ्यानं फ्लेक्समधला तेवढा पोरीचा तुकडा कापला. मी तिला लागूनच होतो, म्हणून मीबी त्यात राह्यलो. धान्याच्या खोलीत, आतल्या भिंतीला लावलाय. अनोळखी माणूस दारात आला की अजूनबी आधी त्या खोलीची कडी घालतो.