तोच, पण तोंड निराळं

इंग्रजी सिनेमातला तो हेर एकच माणूस आहे की चार-पाच, हे मला त्या काळात कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. रिळांच्या पेट्या कोल्हापूरहून एसटीच्या टपावर बसून यायच्या, आणि जी पेटी आधी मोकळी होईल ती आधी, एवढाच त्यांचा क्रम. जगात आधी निघालेला सिनेमा आमच्याकडे नंतर, नंतरचा आधी. त्यामुळे आमचा हेर दिवाळीत पन्नाशीचा असायचा आणि शिमग्याला तिशीचा. दिवाळीत त्याच्याकडे नाही नाही ती यंत्रं, धूर सोडणारं घड्याळ काय, पंख फुटणारी मोटार काय. शिमग्याला बिचाऱ्याजवळ नुसतं पिस्तूल. दिवाळीत तो मरणाच्या दारात उभा राहूनही थट्टा करायचा, शिमग्याला हसायचा म्हणून नाही. हा माणूस म्हातारपणाकडून तरुणपणाकडे निघालाय, असा माझा बरेच दिवस समज होता.

बाबा कचेरीत कारकून. हेराचं वेड त्यांचं, आई आणि मी आपल्या बरोबर. आईला इंग्रजीचं अक्षर येत नसे, पण फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती सबंध सिनेमा मला मराठीतून सांगायची. "साहेब म्हणतोय, मागच्या खेपेला मोटार मोडलीस, आता पायी जा." ती हे पदरचं सांगते हे मला ठाऊक होतं. तरी बाबांच्या खऱ्या भाषांतरापेक्षा मला तेच पटायचं.

मी नववीत असताना एका रविवारी हेराचं तोंडच बदललं.

"हा कोण भामटा?" आई मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले.

"तोच आहे," बाबा म्हणाले.

"तो कसा तोच? नाक बघा, नाक!"

"अगो, मामलेदार बदलला म्हणून कचेरी बंद पडते काय? नाव तेच, खुर्ची तीच. माणूस निराळा."

"आणि त्याची ती माणसं? एकाने तरी विचारलंन, आधीचा कुठे गेला म्हणून? चमत्कारिकच आहेत मेली."

आणि खरंच होतं ते. साहेब तोच, साहेबाच्या दारातली टाइपिस्ट तीच, आणि तीही ह्या नव्याकडे बघून जुनंच हसली. मी अर्थातच आईच्या बाजूने. घरी जाईपर्यंत आम्ही दोघींनी त्या नव्याला इतकी नावं ठेवली की बाबा चार पावलं पुढे चालायला लागले.

पुढच्याच वर्षी कावीळ होऊन आई गेली. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही. गऱ्यांचा डबा फळीवर होता, तो तसाच राहिला.

मी अकरावीत गेले आणि आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, बाबांचं दुसरं लग्न ठरवलं. बाई पाली गावची, पस्तिशीची. बापाच्या दुखण्यात तिचं लग्न राहून गेलेलं. दारातच चार माणसांत लग्न लागलं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा आत्या म्हणाली, "तेच ठेव रे. गेलेलीच्या जिवाला बरं वाटेल. घरालाही सवय आहे."

बाबांनी जरा वेळ ताटाकडे बघितलं आणि आईचं नाव लिहिलं.

मला हसू येतंय की रडू, काही कळेना. मामलेदार बदलला, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. पहिल्या बायकोचा मान म्हणून दुसरीने घालायचा असतो तो, आईच्या नावाचा चांदीचा टाक त्या बाईच्या गळ्यात बांधला, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि पाहुणे आपापल्या गाडीला गेले.

दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा आईच्या नावाने हाका सुरू झाल्या. बाबा पडवीतून चहासाठी हाक मारत आणि माझी नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे जाई. तिथून भलतीच बाई बाहेर येई. तीही लगेच नाही. दोन-तीन हाका झाल्याशिवाय ओ म्हणून द्यायची नाही. बहिरी तरी आहे नाहीतर शिष्ट तरी, असं मी मैत्रिणीला सांगून टाकलं. शेजारीणसुद्धा विहिरीवरून तिला त्याच नावाने बोलवी. आधीची कुठे गेली, हे कोणी विचारीना. आई म्हणाली होती तशी सगळीच चमत्कारिक.

तिला आई म्हण, असं आत्या मला बजावून गेली होती. मी तिला काहीच म्हणत नसे. "भात वाढा", "दार लावून घ्या", असं नुसतं बोलायचं, हाक मारायची नाही. मला माझी आई हवी होती. ही नको होती. आणि ही वाईटही नव्हती. माझ्या वेणीला ती न सांगता अबोलीचा गजरा करून ठेवायची. ह्या तिन्हीची मोट कशी बांधायची, ते मला समजत नव्हतं. गजरा घालावा तर आईशी बेइमानी, न घालावा तर फुलं सुकतात. मी तो अर्धा दिवस घालायचे.

एका रविवारी बाबा आम्हाला दोघींना टॉकीजला घेऊन गेले. त्या दिवशी तो बदललेल्या तोंडाचा हेर होता. ती मुकाट बघत बसली. पुढच्या खेपेला मात्र पेटीतून जुना सिनेमा निघाला आणि पडद्यावर पहिला हेर उभा राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "परत आला रे!" कोणीतरी ओरडलं. मला एकदम भडभडून आलं. ह्या सिनेमावाल्यांच्यात गेलेली माणसं पेटीतून परत येतात, आणि आमच्यात मात्र नुसतं नाव मागे राहतं.

ती माझ्या शेजारी, आईच्या जागी बसली होती. हळूच म्हणाली, "हा कोण गो?"

"हा पहिला. तुम्ही बघितलात तो नंतरचा."

"पण नाव तर तेच घेतायत."

"नाव तेच असतं," मी म्हटलं. बाबांचंच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला माझाच राग आला.

पडद्यावर मोटारी एकमेकींच्या मागे लागल्या, एक दरीत गेली. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या नंतरच्याचीच पंचाईत. हाक मारतात ती दुसऱ्याला, आणि वळून बघायचं ह्याने. त्याला दर वेळी वाटत असेल, आपल्या मागे कोणीतरी उभं आहे."

आईने आणि मी त्या माणसाच्या नाकाला, चालीला नावं ठेवली होती, भामटा म्हणून मोकळ्या झालो होतो. त्याला कसं वाटत असेल, हे आमच्या दोघींच्या मनातही आलं नव्हतं. आता मी नेमकं कोणाच्या बाजूने व्हायचं? अंधारात बघितलं तर तिने गळ्यातला टाक मुठीत धरला होता.

"तुमचं माहेरचं नाव काय?" मी विचारलं.

"कशाला गो?"

"असंच."

तिने सांगितलं, पण इतक्या हळू, की जसं काही कोणी रागावेल.

"काय झालं?" पलीकडून बाबांनी वाकून विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत वेणी घालत होते. बाबांनी पेपरातून डोकं न काढता आईच्या नावाने हाक मारली. चूल फुंकल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती आत होती. बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली. कोणी बोललं नाही. मग मी तिचं ते माहेरचं नाव घेतलं, त्याला पुढे मावशी जोडलं आणि जरा मोठ्यानेच हाक मारली. त्या घरात ते नाव कोणी उच्चारलेलं नव्हतं. बाबांनी पेपर खाली घेतला.

पहिल्याच हाकेला आतून ओ आली.