शाईखालचं पान: काळी काच घेऊन भिवंडीत

"भिवंडीला फोटो काढायला कोण जातं?" बायको म्हणाली. मी गेलो.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात यूसुफ आणि जुबेदा ही जुळी भावंडं राहतात, साठी उलटलेली. यूसुफ पूर्वी माझ्याबरोबर कापडाच्या लूमवर होता, आता त्याचे स्वतःचे आठ लूम. तो वर राहतो, ती खाली लूमच्या मागच्या खोलीत. यूसुफचे गुडघे गेलेत. त्याला घर विकून काल्हेरला लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा होता, जुबेदाला नको होतं. "मी मोठा, माझा शब्द," हे त्याचं नेहमीचं. ती म्हणायची, मोठी मी. वडलांनी दोघांचा जन्म वहीत काजळाच्या काळ्या शाईने लिहून ठेवलाय, पण लहानपणीच त्या पानावर निळ्या शाईची दौत सांडली.

मी यूसुफशी फोनवर सहज बोललो, इन्फ्रारेड फिल्टर लावला की पेनाची निळी शाई फोटोत दिसतच नाही, काजळाची काळी दिसते. जुबेदाने फोन ओढून घेतला. "भाऊ, रविवारी या."

कुणाला करायचं असेल तर ऐका. फिल्टर बाराशेला पडला, तव्यासारखी काळी काच. कॅमेरा डिजिटल, जुना असेल तर बरा. टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर ठिपका चमकला तर कॅमेरा चालतो. बाकी पुस्तकं वाचत बसू नका.

ठाण्याहून सकाळची एसटी. रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत ट्रक. काल्हेरवरून पुढे राहनाळला गोदामांमागे एक चिंच आहे, तिथे थांबलो. ऊन कडक पाहिजे. बाकीचे फोटोवाले सावली शोधतात तेव्हा आपलं काम सुरू. आधी फोकस, मग फिल्टर, कारण काच लावली की काही दिसत नाही. ट्रायपॉड हवाच. फोटोत चिंच पांढरीफेक, आभाळ काळं.

गावातला एकजण स्क्रीनमध्ये डोकावला. "काका, हिरवंगार झाड हाय, त्याला चुना कशाला लावला?"

"उन्हाने लावला. मी नुसता बघितला."

शेअर रिक्षाने निजामपुरा. खिमापाव आणि चहा, पंचवीस रुपयांत पोट भरलं. मग यूसुफच्या गच्चीवर वही उघडली, कोपऱ्यांवर सुताच्या चार बॉबिन ठेवल्या. पहिला फोटो हलला, दुसराही.

यूसुफ खूश. "हात कापतो तुझा. म्हातारा झालास."

"कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. कापते ती तुझी बिल्डिंग."

खरंच होतं. लूम चालू, शेजारचे चालू, सगळी गल्ली थरथरत होती. मी म्हटलं, मैदानात जाऊ.

"वही घराबाहेर जाणार नाही," जुबेदा म्हणाली.

एकला लोडशेडिंग. सगळ्यांनी एकदम शिव्या घातल्या आणि गल्ली गप्प झाली. मी बटण दाबलं. चार सेकंद शटर उघडं.

फोटोत निळा डाग गेला होता. खाली बोरूची अक्षरं, उर्दू. मला वाचता येत नाही, म्हणून मी दोघांची तोंडं बघत होतो. यूसुफने चष्मा लावला, फोटो मोठा करून दोनदा वाचला. फसवायचं असतं तर जमलं असतं. जुबेदाचा चष्मा खाली होता.

"पहाटे फजरच्या अजानआधी बेटी," तो म्हणाला. "अजाननंतर बेटा."

मग तो म्हणाला, "बोला, आपा."

आपा म्हणजे थोरली बहीण; जन्मभर तिला नुसतं जुबेदा म्हणत आला होता. तिने वही मिटली.

"घर विकायचं नाही."

"बरं."

"आणि आजपासून खालची खोली तुझी. वर मी जाते."

"जिना चढवेल तुम्हाला?"

"मोठी आहे मी. चढेन."

घरी येऊन चिंचेचा फोटो फ्रेम केला. चांगला आलाय, बायकोही मान्य करते. पानाची प्रिंट मात्र त्यांना पाठवून दिली. ती माझ्या भिंतीवर शोभणारी वस्तू नव्हे. थोडी धाकधूक होती, यूसुफ आता माझ्याशी बोलतो की नाही.

परवा त्याचा फोन आला. मागून लूमच्या वरताण आवाज: "यूसुफ! चहा वर पाठव!"

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मोठी झाल्यापासून खाली उतरतच नाही."