पूर्ण गावाले एकच नेट

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझी फजितीच तशी आहे!

माझा छोटू तेव्हा नुकता बसायला लागला होता. आमचं गाव तलावाच्या काठावर, मच्छर म्हणजे चिमण्यांएवढे! एक चावला की मी लगेच छोटूचं कपाळ तपासायची. मलेरियाची एवढी धास्ती, की चुलीपुढे बसून मला माझंच अंग गरम लागायचं.

अशात हे बाहेरून आले नि म्हणाले, "पंचायतीत नेट आलं. फुकट आहे."

नेट! दवाखान्यातली सिस्टर म्हणाली होती ना, लेकराला नेटमध्ये निजव? म्हणजे मच्छरदाणी! मी परकराच्या नाड्यानं खाट मोजली, छोटूला काखेत घेतलं नि निघाली. वाटेत शेजारच्या रंजूवहिनीला सांगितलं, तिनं आणखी दोघींना. चौघी जणी नाडे घेऊन पंचायतीत!

तिथं कॉम्प्युटरवर दिलीपभाऊ बसला होता.

"भाऊ, मले एक नेट द्या. मजबूत पाहिजे."

"मजबूतच आहे वहिनी. पूर्ण गावाले एकच."

"एकच? मंग सारं गाव एकाच नेटात निजनार का?"

"निजता कायले? सातबारा काढा, धानाचा भाव पाहा. आता दिवसाची मजुरी पाडून तालुक्याले, सडक अर्जुनीले जायची गरज नाही."

मला काही समजेना. मी नाडा पुढे केला. "एवढी खाट आहे. आन भाऊ, धुतल्यावर आटनार तर नाही ना?"

दिलीपभाऊ खुर्चीवरून पडायचाच राहिला! मग त्यानं तार दाखवली, इंटरनेट म्हणजे काय ते सांगितलं. बाया तर पदर तोंडात घालून हसत होत्या. मी ठरवलं, आता पुन्हा फसायचं नाही. पासवर्ड, स्पीड, डाउनलोड, सगळे शब्द पाठ केले!

काही दिवसांनी सिस्टर गाडीतून गठ्ठा घेऊन उतरली. रस्त्यावरूनच ओरडली, "लहान लेकरू आहे ना गं? नेट घे!"

मी ऐटीत हसली. "नको सिस्टर, आमच्याकडे आहे! मले तर पासवर्डबी माहीत आहे!"

"आहे? मग पुढच्या घरी देते," म्हणून ती गेलीसुद्धा.

संध्याकाळी पाहते तर काय? घरोघरी हिरव्या मच्छरदाण्या! आमचा छोटू रंजूवहिनीच्या मच्छरदाणीत पाय झाडत खिदळून राहिला होता. तेवढ्यात हे आले.

"अव, साऱ्यांच्या घरी आली. आपली काऊन नाही?"

आता काय सांगू यांना? म्हटलं, "आपली डाउनलोड होऊन राहिली!"