सिलोनच्या डोंगरातला लांबचा रस्ता

काल दुपारी बदलापूरला नातीकडे होते. तिच्या फोनवर श्रीलंकेतल्या डोंगररस्त्याचा एक व्हिडिओ चालू होता... धुकं, धबधबे, वळणावळणाचा घाट. मी म्हटलं, "हा रस्ता मी बघितलाय गं." तिला वाटलं, आजी थट्टा करतेय.

छप्पन-सत्तावन साल असेल. आम्ही अंबरनाथला पूर्वेला राहायचो आणि मी शिवणकाम शिकायला उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जायचे... दादीकडे. दादी म्हणजे आजी नव्हे हं, सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. चाळिशीची असेल ती तेव्हा.

फाळणी झाली तेव्हा दादी कराचीहून आगबोटीने आली आणि लष्कराच्या जुन्या बराकीत राहिली. मध्ये गोणपाट लावून एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं... तिची आई मात्र त्याच्या आधीच धाकट्या मुलाबरोबर सिलोनला गेली होती. नुवारा एलिया नावाच्या डोंगरातल्या गावात त्याचं कापडाचं दुकान होतं.

नऊ-दहा वर्षं मायलेकींची भेट नाही. कधी परवाना मिळेना, कधी सोबत मिळेना. शेवटी दादीच्या नात्यातलं एक जोडपं कोलंबोला निघालं आणि दादीचं जायचं ठरलं. परत येताना तिला सोबत हवी म्हणून ती माझ्या आईकडे आली... "तुझी मुलगी दे माझ्याबरोबर. माझीच समज." वडील म्हणाले, जाऊ दे, लग्नाआधी जग बघून येईल.

रेल्वे, मग समुद्रातली फेरीबोट, मग पुन्हा रेल्वे... कँडीला दादीचा भाऊ, किशनदादा, मोटार घेऊन न्यायला आला होता. बहीण-भाऊ स्टेशनवरच गळ्यात पडून रडले. दादीने पहिला प्रश्न विचारला, "अमां कशी आहे?"

"अलीकडे जरा विसरते. पण तू येणार हे पक्कं लक्षात आहे तिच्या. रोज विचारते."

सरळ गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो. पण थोडं वर गेल्यावर किशनदादाने गाडी आडरस्त्याला घातली. दादी म्हणाली, आधी घरी चल ना. तर तो म्हणाला, "दहा वर्षं थांबलो, दोन-तीन तासांनी काय होतंय? तू आगबोट पाहिलीस, बराक पाहिली... आज जरा चांगलं काही बघ."

आणि खरंच, काय रस्ता होता तो! आमच्याकडे मलंगगडाचा डोंगर लांबून दिसायचा, तेवढीच माझी डोंगराची ओळख. इथे डोंगरामागे डोंगर, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत कातरल्यासारखा चहा. किशनदादा सांगत होता, एके काळी हे सगळे डोंगर कॉफीचे होते. साहेबांनी जंगल तोडून कॉफी लावली, मग पानांवर तांबेरा पडला आणि मळेच्या मळे बसले... चहा नंतरचा.

एका जुन्या कॉफीमळ्याच्या पडक्या बंगल्यापाशी त्याने गाडी थांबवली. मागे रान माजलं होतं आणि त्यात कॉफीची थोडी झुडपं उरली होती... ऐन फुलोऱ्यात. फांद्यांवर पांढरं चूर्ण उधळल्यासारखं, आणि वास अगदी जाईसारखा. दादीने एक डहाळी घेतली, केसांत खोचली आणि हसली. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग धबधबा... मग धुक्यातलं एक वळण... मग कुणा ओळखीच्या माणसाकडे मळ्यातली कॉफी. किशनदादा दर वेळी म्हणायचा, "बस, हे एवढं बघ." आणि आम्ही बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात किशनदादाची बायको उभी होती... तिचा चेहरा पाहूनच दादीची पावलं थांबली.

अमां सकाळी अगदी शुद्धीत होती. वेणी घालून घेतली, नवा दुपट्टा घेतला आणि दारात खुर्ची टाकून बसली. दादीचं लहानपणीचं सगळं सुनेला सांगत होती. दुपार झाली, जेवायला उठेना... मग बसल्या बसल्या डोळा लागला. उठली तेव्हा काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

दादी आत गेली आणि आईच्या पलंगावर बसून तिने तिचे हात हातात घेतले. म्हातारीने ते हळूच सोडवून घेतले. फार मायेने म्हणाली... सिंधीत, पण मला एव्हाना कळायचं... "इथे नको बसू, बाळ. माझी मुलगी येतेय हिंदुस्थानातून. ही जागा तिची आहे."

दादी उठली. खाली जमिनीवर बसली.

आम्ही पंधरा-वीस दिवस राहिलो. दादी रोज पहाटेपासून पलंगाशी बसायची, न जाणो आज ओळखेल... ती सकाळ पुन्हा आली नाही. किशनदादा बहिणीसमोर यायचंच टाळायचा. एकदा माझ्यापाशी म्हणाला, "बेटी, मैं तो उसको खुश करना चाहता था."

दादीने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याच पावसाळ्यात अमां गेल्याची तार आली. कॅम्पातल्या बायका विचारायच्या, सिलोन कसं आहे? दादी मान खाली घालून शिवत राहायची आणि म्हणायची, "बहुत सुंदर है."

किशनदादाला दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. त्याने जे केलं ते मायेनेच केलं... पण खरं सांगू? त्या दिवसाइतकं सुंदर मी आयुष्यात पुन्हा काही पाहिलं नाही, आणि ते पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं.