पेरनूसाहेबांचा दिवा

घळीतली अर्धी वाट उतरून झाली, तरी पेरनूसाहेब मुद्द्याचं बोलेनात. खाली आर्यूझ नदी खडकांवर आपटत होती आणि कोलेत त्यांच्या पाठीवर नजर ठेवून मागून चालली होती. इतकी वर्षं एका प्रयोगशाळेत काढली, पण या माणसाने कधी कुणाला कॉफी विचारली नव्हती. आज मात्र ती चर्चमधून बाहेर पडते तर हे पायरीशी उभे. "चालायला येता का?" यात काहीतरी काळंबेरं आहे, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

"तुमचा भाऊ अजून बिएनलाच ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तिथेच."

"घड्याळांच्याच कारखान्यात?"

"आपल्याकडे कुणाचा भाऊ घड्याळात नाही, पेरनूसाहेब? पाद्र्याचासुद्धा आहे."

साहेब चालत राहिले. पण प्रश्न कुठून आला, हे तिला कळलं: भाऊ दुसऱ्या कारखान्यात, तेव्हा बहीण प्रयोगशाळेतलं काम मुद्दाम बिघडवत असेल.

युलिस पेरनूंचं काम मोठं नाजूक. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा थरथरता ठेवायचा, तर झोक्यासारखा त्याला सतत हलका हात लावत राहावं लागतं. तो हात लावणारं सर्किट ते चिपवर आखत. एवढाल्या सेलवर घड्याळ वर्षानुवर्षं चालायला हवं, म्हणून हात जितका हलका तितकी कारागिरी मोठी. माणूसही तसाच, जात्याच चिकट. जाता-येता वऱ्हांड्यातले दिवे मालवायचे. 'पेरनू शिंकले तरी अर्धी शिंक उद्याला ठेवतात,' असं उपाहारगृहात म्हणत.

हात सैल एकाच बाबतीत, टेबलावरच्या दिव्याच्या. त्यांचे वडील ला साग्न गावात खिडकीशी बसून घड्याळं जुळवायचे. उजेडाशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे त्यांनी पोराला चापट मारून शिकवलं होतं. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशेजारचा तो प्रखर दिवा सकाळी लागला की साहेब घरी जाईपर्यंत जळत असे.

साहेबांनी आखलेलं सर्किट कोलेत लाल फिल्मवर सुरीने मोठ्या आकारात कापायची. त्यावरून बारीक छापलेली चिप तयार होऊन आली की साहेब ती उघडीच तपासायचे, आणि मग कोलेत पलीकडच्या खोलीत नेऊन तिच्यावर धातूचं टोपण बसवायची. या वेळची चिप साहेबांच्या टेबलावर गुणी बाळासारखी चालायची आणि टोपण बसलं की मुकी. साहेबांनी एकीचं टोपण कापून काढलं, तर ती पुन्हा सुरू! मग संशय कुणावर जाणार? सोमवारी संचालकांना कारण सांगायचं होतं, आणि कारणाला एक नाव लागतं. कोलेतचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

वळणावरच्या बाकावर साहेबांनी पाव काढला आणि सॉसेजच्या चकत्या केल्या.

"इतक्या पातळ कापल्यात, पलीकडची नदी दिसते," कोलेत म्हणाली.

"हवी तर दुसरी घ्या."

"नको. काय विचारायचंय ते विचारा."

त्यांनी चाकू पुसला. "टोपण बसवताना चिपची तार दाबली जाते का?"

"मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणालो नाही."

"तोंडाने नाही म्हणालात."

ती उठून चालू लागली. साहेब घाईघाईने पुढे आले. वाट खडकात कोरलेल्या बोगद्यात शिरली तेव्हा कोलेतच्या ओठांवर सकाळचं स्तोत्र होतं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. काळोखात तिचा बांध फुटला.

"वसंतात तुम्हीच तो चिपला सुरुवातीचा धक्का देणारा सर्किटचा तुकडा माझ्याकडून फिल्मवरून सोलून घेतलात. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडा!"

"तो नकोच होता. फुकटची वीज खायचा. चिप त्याच्याशिवाय आपोआप उठत होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

आणि ते थबकले. इतके अचानक की ती त्यांच्यावर आदळली.

"डोळ्यांनी," ते पुन्हा म्हणाले, पण आवाज दुसराच होता.

बोगद्याबाहेर आल्यावर ते उन्हात तळहात धरून उभे राहिले.

"उघड्या सिलिकॉनवर उजेड पडला की त्यात किंचित वीज उठते, कोलेतबाई. कॉलेजातली पोरंही सांगतील. एरवी ती कुणाच्या खिजगणतीत नसते. पण आपली चिप इतकी कमी खाते, की तेवढ्याने तिला धक्का मिळतो. माझा दिवा तिला उठवत होता. टोपणाखाली अंधार, तिथे कोण उठवणार?"

कोलेतने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हे खरं, की आपल्याला गोड बोलून आणखी कशात अडकवायचंय?

"आणि ती तार?"

"तार म्हणणं सोपं होतं."

साहेबांची मान खाली होती. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बघून तिचा राग विरला नाही, पण पाऊल थांबलं.

"उद्या उघडी चिप टेबलावर ठेवतो," ते म्हणाले. "माझ्याकडून तो दिवा मालवला जाणार नाही, तुम्हीच मालवा. पडदे ओढून घ्या आणि मगच सेल जोडा. चिप उठली नाही, तर संचालकांकडे माझ्याआधी तुम्ही जा. मी गेलो, तर जिना चढेपर्यंत मला आणखी कुणाचं तरी नाव सुचेल."