अन्वर सरांचा मराठी पहारेकरी

घनसावंगीच्या आमच्या शाळेतल्या शेख अन्वर सरांवर यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेदेखत अन्याय झाला. संस्थेच्या सचिवांनी माइकवरून सांगून टाकलं की हा माणूस संगणकात शिरून पोरांचे मार्क बदलतो, आजपासून तो शिक्षक नाही. ना नोटीस, ना चौकशी.

सचिवांनी पाहिलं होतं एवढंच: सर पडद्यावरच्या आकड्यांच्या रांगेतला एक आकडा खोडून दुसरा घालत होते. मार्क त्या संगणकात कधी नव्हतेच. ते आकडे एका जुन्या गेमच्या फाइलीतले होते.

मी सरांची विद्यार्थिनी. तो गेम आम्ही सगळ्यांनी खेळलाय. बेटावर वाट शोधत जायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. पण बोलणं सगळं इंग्रजीत. दारावरचा पहारेकरी काय विचारतो तेच आम्हाला कळायचं नाही, म्हणून सर म्हणाले, आपण त्यालाच मराठी शिकवू. गेम बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. फाइलीत सगळे आकडेच; त्यांत चित्रं कुठं, वाक्यं कुठं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सर एक आकडा बदलायचे, गेम चालवायचे आणि काय बिघडलं ते बघायचे. कधी आभाळ हिरवं व्हायचं, कधी पहारेकऱ्याचं मुंडकंच गायब. कुणी घाईनं दोन आकडे बदलले की सर हात धरायचे. "जल्दी नको बाप्पा. दोन बदलले तं कोनत्यानं बिघडलं, कसं कळंल?"

एकदा पहारेकऱ्याचं मराठी बोलणं इंग्रजीपेक्षा लांबलं. मग गेममधल्या कोळणीला मासळीचा भाव विचारला, तर ती पहारेकऱ्याचंच वाक्य म्हणाली, पुढं पाय टाकला तर डोकं उडवीन. वर्ग लोळून हसला, सर सगळ्यांत जास्त. "हे आपल्या एसटीवानी झालं," ते म्हणाले. "अंबडला उशीर झाला की पुढच्या समद्या गावाला उशीर." प्रत्येक वाक्य कुठं सुरू होतं याची नोंद फाइलीच्या सुरुवातीलाच असते, हे त्यांनी हुडकलं आणि ती दुरुस्त केली. कोळीण ताळ्यावर आली. पहारेकरी विचारू लागला, "कोन्या गावचा रे तू? हितं काय करून राह्यला?"

असा माणूस आज शहागडला हायवेवरच्या दुकानात ट्रकवाल्यांच्या मोबाइलला काच चिकटवतो. अर्धा झालेला गेम संस्थेच्या कपाटात कुलपात आहे. मी त्यांना भेटून म्हणाले, सर, चला, सगळ्यांसमोर गेम चालवून दाखवा. ते काच पुसत राहिले. मग मान वर न करता बोलले.

"नोकरी गेल्ती तवा रडलो न्हाई, बेटा. पन ज्या लेकरांना शिकवलं त्यांचेच बाप मला बाजारात चोर म्हनून राह्यले. आन् लेकरं बिलकुल गप. मंग मी कोनाला दाखवू?"

याचं उत्तर तुम्ही, सरांच्या पोरांनी, द्यायचं आहे. सरांच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की तिथं काय चालायचं, आणि तरी घरात चोर हा शब्द निघाला की तुम्ही ताटात बघता. लाज वाटू द्या. आज जेवायला बसाल तेव्हा बापाला तोंडावर सांगा की सर चोर नाहीत. आणि सोमवारी शाळा भरताना त्याला सोबत घेऊन फाटकावर या, सचिवांना सांगायला की कपाट उघडा आणि सरांना सगळ्यांसमोर गेम चालवू द्या.