पावलाचं माप

मोडनिंब जवळ आलं की माझ्या उजव्या पायाची बोटं नाहीशी व्हायची. आधी करंगळीपाशी मुंग्या, मग सगळ्या चवड्याला झिणझिण्या, आणि त्या गावात चहाला सायकल थांबवेपर्यंत बुटात पाय आहे की लाकूड तेही कळायचं नाही. आमच्या सायकलवाल्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणायचं, “सगळ्यांनाच होतं की ओ मॅडम, लांबच्या राइडला.” मी मान डोलवायची आणि मनात अप्पांचा पाय बघायची.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते सोलापुरात आमच्याकडेच असतात. रक्तातल्या साखरेनं त्यांच्या पावलांतली जाणीव गेली आहे. काही वर्षांपूर्वी बुटात खडा गेला, तो त्यांना कळलाच नाही, आणि ते दिवसभर तसेच बाजारात फिरले. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांचे तळपाय मांडीवर घेऊन बघते, कुठं लाल झालंय का, भेग पडलीय का. ते तोवर टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालतात. त्यांचीही सुरुवात मुंग्यांनीच झाली होती.

माझ्या जागी एखादी शहाणी बाई असती तर तिनं दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं असतं. मी बूट शोधायला लागले.

मनातला हिशेब सोपा होता. दोष बुटाचा निघाला, तर तो साखरेचा नव्हता. थंडीत दोनशे किलोमीटरची राइड करायची ठरवली होती, पण खरं सांगायचं तर राइड गेली खड्ड्यात, मला ते उत्तर हवं होतं. आणि रक्ताच्या रिपोर्टमधून ते नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंडळींचं म्हणणं पडलं की माझे कापडी बूटच वाईट. मऊ तळ पेडलवर वाकतो आणि सगळा भार चवड्याच्या एकाच जागी येतो. कडक तळाचे बूट घ्या, म्हणाले, आणि क्लिपलेस पेडल बसवा. या बुटाच्या तळाला स्क्रूनं एक छोटी पट्टी लावतात, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये खट्कन अडकते आणि पाय पेडलला धरून राहतो. सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची, की सुटला. शर्यतवाल्यांची क्लीट मोठी असते, तळाच्या बाहेर आलेली. ती घालून चालायचं म्हणजे बदकाची चाल. दुसऱ्या प्रकारची बारीक, तळाच्या खाचेत दडलेली, म्हणजे माणसासारखं चालता येतं. लांबच्या रस्त्यावर टपरीपर्यंत जावं लागतं, पंक्चर काढायला लिंबाची सावली गाठावी लागते. मी दुसऱ्या प्रकारची घ्यायचं ठरवलं आणि मग रोज मोबाइलवर बूटच बूट. तळ किती कडक, बंद कसले, जाळी किती. नवरा म्हणाला, “लग्नाच्या शालूची इतकी चिकित्सा केली नव्हतीस.” मी म्हटलं, “शालू घालून मोडनिंबला जायचं नव्हतं.” इतकं सगळं बघून बूट मागवले ते मात्र माझ्या नेहमीच्या नंबरावर, डोळे झाकून.

पहिल्याच राइडला पडले. सगळे पडतात, म्हणे, सिग्नलला, टाच फिरवायची विसरून. माझी तऱ्हा वेगळी. मोहोळच्या अलीकडे एका गावात रस्त्याला लागून मारुती आहे. लहानपणापासूनची सवय अशी की देऊळ आलं की थांबायचं, चपलेतून पाय वर काढून चपलेवरच टेकायचा आणि छातीला हात लावायचा. कितीही घाई असो, पायताण घालून हात जोडायचे नाहीत, हे अप्पांनी सायकलच्या दांडीवर बसवून शिकवलेलं. मी वेग कमी केला, उजवा हात छातीशी नेला आणि पाय सरळ वर उपसला. तो कसला निघतोय! पायाबरोबर पेडल आलं, पेडलबरोबर सायकल आली आणि मी मारुतीसमोर आडवी. पारावरचे एक आजोबा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “नुसता हात जोडला असता तरी चाललं असतं की ओ बाई. दंडवत कशाला?”

कोपर सोललं त्याचं काही नाही. त्या दिवशी पुढे मोडनिंबला मुंग्या आल्याच, आणि या खेपेला लवकर, जास्त. घरी येताना सगळा रस्ता मी एकच गोष्ट घोकत होते, बूट बदलून झाले, आता दोष कुणाचा?

संध्याकाळी अप्पांना पडल्याचं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. मग म्हणाले, “आण बघू ते बूट.” हात आत घालून त्यांनी चाचपलं. “माप कुणी घेतलं?”

“नंबर माहीत होता की.”

“नंबर लांबीचा. पाय काय नुसता लांब असतोय व्हय?”

त्यांनी मला कपाटातला दोरा आणायला लावला, चादरींचे गठ्ठे शिवायचा, जाड, मेण लावलेला. अप्पांचं चादरींचं दुकान होतं आणि ऐन उमेदीत ते सायकलला गठ्ठे बांधून अक्कलकोटकडच्या आठवडी बाजारांना जायचे. आम्हा भावंडांना चपला तिथूनच यायच्या. आदल्या दिवशी ते आमची पावलं दोऱ्यानं मोजायचे, एक माप लांबीचं, एक चवड्याभोवतीचं, आणि गाठी मारलेला दोरा खिशात घालून न्यायचे. तसाच आता त्यांनी माझ्या चवड्याला दोरा गुंडाळला, गाठ मारली, आणि तो वेढा बुटात घालून बघितला. आत तो चेपला. “नोड,” ते कानडीत म्हणाले, बघ. “चप्पल वापरलेला पाय हाय हा. पसरलेला. ह्यात बोटं आवळून बसणार नाहीत तर काय?”

मी खाली बघून उजव्या पायाची बोटं चोळायला लागले. त्यावरूनच त्यांना काय ते कळलं असावं.

“मुंग्या येत्यात?”

“हो.”

“आणि तुला वाटायलंय, माझ्यावानी झालं.”

मला रडू आलं. इतक्या दिवसांत एका माणसाला सांगितलं नव्हतं. “अप्पा, मला लई भीती वाटतीय,” म्हटलं. मी शाळेत मुलांना शुद्ध बोलायला लावते, पण तेव्हा तोंडात जे आलं ते आलं.

“डोळे मिट,” ते म्हणाले. “डॉक्टर माझं करत्यात तसं करतो.”

मी डोळे मिटले. दोऱ्याचं ताठ टोक टाचेला टोचलं. “हितं कळतंय?” कळलं. “हितं?” कळलं. अंगठा, चवडा, करंगळी, मध्ये एकदा त्यांनी मुद्दाम टोचलंच नाही आणि मी गप्प राहिले, तेव्हा “शाबास” म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

पुढं रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. रुंद चवड्याचे बूट मागवले, क्लीट थोडी टाचेकडे सरकवून घेतली, आणि मोडनिंबच्या चहाला माझी सगळी बोटं माझ्याबरोबर होती. दोनशेही झाले. पण मला त्या संध्याकाळचं पुढचं सांगायचं आहे.

डोळे पुसून मी दोरा त्यांच्या हातून घेतला. “आता तुमचं बघू.” अप्पांनी पाय माझ्या मांडीवर दिला आणि पोरासारखे डोळे घट्ट मिटून घेतले.

“हितं व्हय? कळतंय की,” ते म्हणाले. “चांगलं कळतंय. माझंबी परत यायलंय बघ. तू उगं भ्यायलीस.”

दोरा अजून माझ्या चिमटीतच होता. मी तो त्यांच्या पायाला लावलाच नव्हता.

“बरोबर, अप्पा,” मी म्हणाले.